बजरंगला उठवायचं कोणी

औंढ्यातल्या रतनबाईच्या घरात एक नियम कोणी न शिकवता सगळ्यांना पाठ झाला होता. बजरंग झोपला की घर मुकं व्हायचं. भांडं वाजायचं नाही, कडी वाजायची नाही, दारात फेरीवाला आलाच तर रतनबाई अंगणातूनच हात हलवून त्याला वाटेला लावायची. नात ओवी चालायला शिकली तीच मुळी चवड्यांवर. शेजारणी म्हणायच्या, काय बाई लेकाचे लाड! लाड कसले आलेत? प्यालेला बजरंग जागा असला की शिव्या, आदळआपट, ताटं अंगणात. तो झोपला की बाकीच्यांनी दोन घास सुखानं खायचे. इतकी वर्षं त्या घरानं त्याची झोप तळहाताच्या फोडासारखी जपली, ती त्याच्यासाठी नव्हे, आपल्या जिवासाठी.

आता त्यानं दारू सोडली होती, तर झोपच येईनाशी झाली होती.

सोडण्याची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपांना हात थरथरले, घामानं अंथरूण भिजलं, अन्न पोटात ठरेना. ते सगळं त्यानं दात आवळून काढलं. नडली ती झोप. रात्र रात्र आढ्याकडे बघत पडायचं, दिवसा मेल्यासारखं फिरायचं, आणि मग एक दिवस ‘नुसती झोपेपुरती’ म्हणून घोटभर घ्यायची. घोटाची बाटली व्हायला आठवडाही लागत नसे. लोणावळ्याच्या एका बंगल्यावर तो राखणीला होता, तिथं तर बाटली शोधायलाही जावं लागत नव्हतं. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येऊन धिंगाणा घालून जायचे आणि सोमवारी बंगला झाडताना कोपऱ्याकोपऱ्यातून अर्ध्या-पाव बाटल्या निघायच्या. ओतून द्यायला जिवावर यायचं. तिथंच त्याला लागली. ती नोकरी सोडून आता तो गावाजवळच्या पॉलीहाऊसमध्ये गुलाबाची फुलं काढायला जात होता. पण बंगला काही जागचा हलला नव्हता. वाट पायाखालची होती, आणि त्याच्या जागी लागलेला गडी त्याचा जुना दोस्त होता. रतनबाईला हे सगळं ठाऊक होतं, म्हणूनच तिचा जीव टांगणीला लागलेला.

दवाखान्यात व्यसनमुक्तीचं काम इंदिराताई बघायच्या. लोणावळ्याच्याच, शांत बोलणाऱ्या, पण ठाम. बजरंगच्या बाबतीत डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्यांना साफ नकार दिला होता. दारूच्या जागी गोळी बसायची, म्हणाले. मग झोपेचं काय, म्हणून रतनबाई सुनेला, कोमलला, घेऊन स्वतः जाऊन बसली. तिला वाटलं होतं, ताई काही काढा सांगतील, पथ्य सांगतील. ताईंनी सांगितलं ते ऐकून तिला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना.

अंथरुणात पडून राहणं कमी करायचं, असं ताईंचं म्हणणं. घरातले आठ वाजताच त्याला आडवा करत होते, ते बंद. डोळे मिटायला लागल्याशिवाय अंथरुणावर जायचंच नाही. गेल्यावर झोप आली नाही तर तळमळत पडायचं नाही, उठून बाहेर बसायचं. दुपारी लवंडायचं नाही. आणि रात्री झोप लागलेली असो नसो, सकाळी साडेपाचला उठायचं म्हणजे उठायचं. सणवार असला तरी.

‘‘आधीच निजत न्हाई, त्यात आनिक उठवायचा?’’ रतनबाई म्हणाली. ‘‘ह्ये औषद हाय का शिक्षा, ताई?’’

‘‘मावशी, भूक नसताना पानावर बसवलेलं पोर ताट चिवडत बसतं की नाही? त्याचं अंथरुणात तसं झालंय. त्याला झोपेची भूक लागू द्या. आठवडाभर त्रास वाढेल, हे आधीच सांगते. पण तो मध्येच सोडायचा नाही.’’

मोबाइलचा गजर तो झोपेतच बंद करतो, हे कोमलनं सांगितलं. तेव्हा ताईंनी विचारलं, घरात सगळ्यांत आधी कोण उठतं? कोमलची तळेगावच्या कंपनीत दुसरी पाळी, ती घरी यायलाच मध्यरात्र होते. रतनबाई मोठ्या तोऱ्यात म्हणाली, ‘‘म्याच उठते. कोंबड्याच्या आदी.’’

‘‘मग त्याला उठवायचं काम तुमचं,’’ ताई म्हणाल्या.

आपल्याच तोंडानं आपण फसलो, हे रतनबाईला कळलं. पण दारू सोडायची चौथी खेप बघायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिनं मान हलवली आणि पदर सावरत उठली. उजव्या मनगटावर तिनं पदर ओढून घेतला, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्या मनगटाचं हाड चार वर्षांमागं मोडून वाकडंच बसलं होतं. ओढ्यावर धुणं धुताना घसरून पडले, असं तिनं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ते मानलंही होतं.

उपचार सुरू झाला. रात्री जेवणं झाली की बजरंग अंथरुणाकडे न जाता म्हशीपाशी बसे, कंदील पुसे, खुरप्याला धार लावी. मग फाट्यावर चालत जाऊन कंपनीच्या गाडीतून उतरणाऱ्या कोमलला घेऊन येई. इतकी वर्षं ती बिचारी अंधारात एकटी येत होती. तेवढं एक बरं झालं, असं रतनबाईला वाटे. त्यानंतर तो पडवीत आपल्या अंथरुणावर जाई.

आणि सकाळी? सकाळी रतनबाईनं एक युक्ती काढली. ती पडवीत पाऊलच टाकत नसे. साडेपाच झाले की हंडा मोरीत आदळायचा, खुराड्याचं दार धाडकन उघडायचं, म्हशीला अशा शिव्या द्यायच्या की म्हशीनंही तोंड उघडावं. बजरंग जागाच असायचा. तो उठून यायचा आणि रतनबाईचा जीव भांड्यात पडायचा. ताईंनी फोनवर विचारलं तर ती खुशाल सांगायची, उठवते की रोज.

पलीकडच्या घरातला दीर, मारुती आबा, या आरडाओरड्यानं वैतागला. जायफळ उगाळून दे, तळपायाला तेल चोळ, खसखस खायला घाल, असे सगळे सल्ले त्यानं देऊन झाले होते. एक दिवस चहा पिता पिता म्हणाला, ‘‘वैनी, औषद म्हनून टोपनभर दिली तर काय बिगडतंय? पोरगं निजंल तरी.’’ रतनबाईनं त्याच्या पुढ्यातला चहा उचलला आणि म्हशीच्या घमेल्यात ओतला. आठ दिवस आबा इकडे फिरकला नाही.

पण ताईंनी सांगितलं होतं तसंच घडत गेलं, आणि तिथंच रतनबाईची युक्ती उघडी पडली. बजरंगला झोपेची भूक लागली. उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटायला लागले, गुलाबाचे काटे बोटांत जायला लागले. आणि एका पहाटे हंडा आदळला, खुराडं वाजलं, म्हैस ओरडली, तरी पडवीतून काही हालचाल नाही.

रतनबाई पडवीच्या उंबऱ्याशी आली. बजरंग कुशीवर झोपला होता, तोंड उघडं, घोरत होता. दारूशिवाय झोपलेला लेक तिनं कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. तो लहानपणी असाच झोपायचा. तिला भरून आलं. उठवायला हवं होतं, हे तिला कळत होतं. उंबऱ्यावर ठेवलेला पाय मात्र आत पडेना. मग ती मनाशी म्हणाली, असू दे, एक दिवस. आणि जुन्या सवयीनं तिनं कोंबड्या हुसकल्या, कडी हळूच लावली, उठून आलेल्या ओवीला तोंडावर बोट ठेवून दाखवलं. पोर लगेच चवड्यांवर चालायला लागली.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा कोमल उठली आणि तिनं कपाळाला हात लावला. ‘‘आत्या, एवढे दिवस केलं ते पाण्यात घातलंत.’’ रतनबाई तिच्यावरच डाफरली, की नवऱ्याला चार घटका झोप लागली तर तुझ्या पोटात का दुखतंय. डाफरली खरी, पण सुनेच्या नजरेला नजर दिली नाही.

त्या रात्री बजरंगच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी रतनबाई उठून बाहेर आली तर तो ओट्यावर बसलेला. माघाची थंडी, अंगावर पांघरूण नाही, डोळे लाल. तिला वाटलं, घेतली यानं. तिनं जवळ न जाता नाकानं हवा हुंगली, जशी इतकी वर्षं हुंगत आली होती.

‘‘न्हाई घेतली,’’ तो म्हणाला. ‘‘पर दोनदा वहाना घातल्या. वेशीपत्तोर जाऊन माघारी आलो. आज रात्री माघारी येईन का न्हाई, मला सांगता यायचं न्हाई, आये. काल मला का उठवलं न्हाईस?’’

ती म्हणाली, पोर निजलं होतं, मन होईना.

‘‘खोटं. तू कदीच उठवलं न्हाईस. हंडा आपटतीस, म्हशीला शिव्या देतीस. म्या जागा असायचो, समदं ऐकायचो. तू पडवीत पाय ठेवत न्हाईस. का?’’

चार वर्षं दाबून ठेवलेलं रतनबाईच्या तोंडाशी आलं. सांगितलं तर हा असाच उठून बंगल्याची वाट धरेल, ही भीती. नाही सांगितलं तर उद्या पुन्हा आपला पाय उंबऱ्यातच अडकेल, आणि मग हा रात्रीचा जाईलच. दोन्हीकडून लेक जाणार असेल तर निदान खरं सांगून जाऊ दे, असं तिनं ठरवलं. तिनं पदर बाजूला केला आणि उजवं मनगट त्याच्यापुढं धरलं.

‘‘ह्यो हात वढ्यावर मोडला न्हाई. तुला जेवाया उठवाया गेलते. तू पिऊन निजला व्हतास. म्या खांद्याला हात लावला, तू ढकललंस. म्या पडवीतल्या जात्यावर पडले.’’

तो मनगटाकडे बघत राहिला. ‘‘मंग?’’

‘‘मंग काय? तू कूस बदलून परत निजलास. उठल्यावर तूच इचारलंस, आये, हाताला काय झालं. म्या म्हनलं, घसरले. तूच गाडीवर बसवून हाडवैद्याकडं नेलंस. लय जपून नेलंस, एक दगड लागू दिला न्हाईस.’’

बजरंगनं तोंडावरून हात फिरवला, तो उठला आणि अनवाणीच वेशीच्या दिशेनं चालायला लागला. तिनं हाक मारली. त्यानं मागं बघितलं नाही.

रतनबाई थोडा वेळ ओट्याचा खांब धरून उभी होती. मग तिला स्वतःचाच राग आला. रडायला अख्खा जन्म पडलाय, आधी पोरगं आणू, म्हणाली. आत जाऊन तिनं ओवीच्या अंगावरची गोधडी सारखी केली, कोमलला न उठवता चपला घातल्या, पदर खोचला आणि निघाली. वाटेत मारुती आबानं विचारलं, सकाळी सकाळी कुठं? ती म्हणाली, लेकाला आणायला, आणि थांबली नाही. तिनं मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. बंगल्याच्या दारात जाऊन बसायचं. त्या दोस्ताला दोन शब्द सुनवायचे. बाटली दिसली तर दगडावर फोडायची. बजरंगनं ढकललं तर ढकललं. एक हात आधीच वाकडा आहे, दुसरा होईल. आज मागं सरायचं नाही.

गाव मागं पडलं. ओढ्यावरच्या मोरीपाशी वाट वळते, तिथं वळणावर तिला तो दिसला. समोरून येत होता, खांद्यावर लांबलचक काहीतरी घेऊन. तरी ती तशीच पुढं गेली, अगदी त्याच्या पुढ्यात, आणि चवड्यांवर उभी राहून तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. घामाचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता.

त्याच्या खांद्यावर वेळूची काठी होती, ओढ्याच्या बेटातनं नुकती तोडलेली. दोन पुरुष उंच तरी असेल. विळा नव्हता, तर मोडून, पिरगाळून, दगडानं ठेचून तोडली होती. हात रक्ताळले होते.

‘‘उंबऱ्यात हुबी ऱ्हा,’’ तो म्हणाला, ‘‘आनि तितनं ह्येनं ढोस. माजा हात तुज्यापत्तोर पोचत न्हाई. लागलं तरी चालंल. पर उठीव.’’

तेव्हा मात्र रतनबाई रडली. मोरीच्या कठड्यावर बसून, पदरात तोंड घालून मनसोक्त रडली. तो काठी धरून शेजारी उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून गावाला नवी करमणूक मिळाली. साडेपाच वाजले की रतनबाई उंबऱ्यात उभी राहून काठीनं लेकाला ढोसायची, कधी बरगडीत, कधी पोटरीत, आणि एकदा नेम चुकून देवाच्या फळीवरचा तांब्या खाली आला. बजरंग गुरगुरायचा, काठी झटकायचा, झोपेत शिव्याही घालायचा. ती लांबून उत्तर द्यायची, ‘‘दे, दे शिव्या. उठ आदी.’’ मारुती आबा कुंपणावरून बघून म्हणाला, वैनी, जनावराला तरी बरं वागवतेस. बजरंगनंच त्याला सांगितलं, आबा, जनावर बरं होतं माझ्यापेक्षा, आणि चूळ भरायला गेला.

इंदिराताईंना ही हकिगत कळली तेव्हा त्या आधी मोठ्यानं हसल्या. असा उपाय आम्हाला कोणी शिकवला नव्हता, म्हणाल्या, पण चालू द्या. फक्त एक दिवसही चुकवू नका.

चुकवला नाही. पहाटेपेक्षा दुपार अवघड होती. जेवण झालं की पॉलीहाऊसमधले बाकीचे गडी सावलीला पाय पसरत आणि बजरंग बादल्या विसळत, वाटा झाडत, तोंडावर पाणी मारत उभा राहायचा. सुट्टीच्या दिवशी रतनबाई त्याच्यासोबत पावटे सोलायला बसे. तिची आयुष्यभराची दुपारची डुलकी तिनं लेकापायी सोडली होती. दोघं समोरासमोर पेंगायची. तिची मान कलली की तो तिच्या गुडघ्यावर शेंग मारायचा. त्याची कलली की ती. कोमल म्हणायची, ह्या दोघांना बघून मलाच झोप येतेय.

मध्ये वाईट रात्रीही आल्या. दोस्ताचा फोन आला, बंगल्यावर ये म्हणून. बजरंगनं तो कोमलच्या हातात दिला आणि कोमलनं काय सांगितलं कोण जाणे, पुन्हा आला नाही. एका रात्री तो पहाटेपर्यंत बाहेर बसला होता, तरी साडेपाचला त्याला उठवायला गेलेल्या आईला म्हणाला, जागाच आहे, पण तू ढोस, मोडू नको नेम. हळूहळू झोप तुकड्यातुकड्यांनी यायला लागली, मग तुकडे जुळायला लागले. तसा ताईंनी झोपेचा वेळ थोडा थोडा वाढवून दिला, पण रात्रीच्या बाजूनं. सकाळचे साडेपाच तेच राहिले.

गहू कापणीला आला होता त्या सुमाराची गोष्ट. रतनबाई नेहमीसारखी उठली, चूल पेटवली, दारामागची काठी घेतली आणि उंबऱ्यात आली. बजरंग झोपला होता. पण रोजच्यासारखा नाही. तोंड मिटलेलं, कपाळावरची आठी गेलेली, श्वास संथ. अंथरुणावर एक सुरकुतीही नव्हती. रात्री पडला तो तसाच होता. ही पुरती झोप होती. इतकी सुंदर झोप मोडायची म्हणजे पाप वाटावं. सोडून द्यावं, कडी हळूच लावावी, असं तिच्या मनात पुन्हा आलं.

तिनं काठी उचलली. तिचं हिरवं साल आता पार पिवळं पडलं होतं. टोक त्याच्या बरगडीपाशी नेलं आणि थांबली. काठी मागं घेतली, दाराला टेकवून ठेवली. पदर खोचला आणि उंबरा ओलांडून पडवीत गेली.

ती त्याच्या उशाशी बसली. तिनं उजवा हात पुढं केला, वाकडा तोच, आणि त्याच्या खांद्यावर ठेवला.

‘‘बजरंग. ऊठ. साडेपाच झालं.’’

त्याचा हात झोपेतच वर आला. तिनं डोळे मिटून घेतले, पण जागची हलली नाही. हात हवेत चाचपडला, तिच्या मनगटाला लागला आणि तिथंच थांबला. बोटं हाडाच्या त्या उंचवट्यावरून हळू फिरली. तिनं डोळे उघडले तेव्हा तो जागा होता आणि तिच्याकडे बघत होता.

‘‘काठी कुटं हाय?’’ त्यानं विचारलं.

‘‘दाराशी.’’

त्यानं तिचं मनगट सोडलं नाही.

‘‘आये, मला झोप लागलीती.’’

‘‘व्हय. बगितलं म्या,’’ रतनबाई म्हणाली. ‘‘आता ऊठ. च्या ठेवलाय.’’

तो उठला, तिच्या हाताला धरून तिलाही उठवलं, आणि अंथरुणाची घडी घालायला लागला.